मेनूकार्ड आणि वाइनचे लेबल एकाच घरचे दिसावे म्हणून

आपला प्रश्न मला समजला तो असा. घोडबंदर रस्त्यावर आपण आणि आपली बहीण मिळून सीकेपी आणि आगरी-कोळी पद्धतीच्या जेवणाचे उपाहारगृह सुरू करत आहात. नाशिककडच्या एका वाइनरीने एक व्हाइट आणि एक रेड वाइन आपल्या नावाने भरून देण्याची तयारी दाखवली आहे. मेनूकार्ड छपाईला जाण्याच्या बेतात आहे, त्याच्या मुखपृष्ठावर किल्ल्याचे रेखाचित्र आहे आणि वाइनलाही त्याच किल्ल्याचे नाव द्यावे असा विचार आहे. तेच मुखपृष्ठ लहान करून बाटलीवर लावले, तर दोन्ही गोष्टी जुळतील का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की मेनूकार्डाची छपाई आजच थांबवावी, आधी लेबल करावे आणि लेबल पूर्ण ठरल्यावर त्यातून मेनूकार्ड काढावे. ठाण्यात बावीस वर्षे हेच काम करताना मी दोन्ही क्रम करून पाहिले आहेत. मेनूकार्ड आधी केले, की लेबलाच्या वेळी प्रत्येक गोष्ट कापावी लागते आणि शेवटी दोन्ही अर्धवट दिसतात. याचे कारण साधे आहे. मेनूकार्ड लवचीक असते. त्याचा आकार, पाने, कागद, भाव, मजकूर हे सगळे आपल्या हातात असते आणि पुढच्या छपाईत बदलता येते. लेबलाचे तसे नाही. बाटलीची गोलाई, वाइनरीच्या लेबल लावण्याच्या यंत्राची मर्यादा, कायद्याने लागणारा मजकूर आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी या चार भिंतींच्या आत ते बसवावे लागते. एकदा मंजूर झालेल्या लेबलात परस्पर बदल करता येत नाही. जी वस्तू वाकत नाही तिच्यापासून सुरुवात करावी आणि जी वाकते ती तिच्याभोवती बसवावी.

आता किल्ल्याविषयी, कारण हा विषय आवडीनिवडीचा राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार नामफलकावर मराठी, देवनागरी लिपीतले नाव आधी आले पाहिजे आणि त्याची अक्षरे इतर कोणत्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. त्याच सुधारणेत असेही म्हटले आहे की जिथे मद्य पुरवले किंवा विकले जाते अशा आस्थापनेच्या फलकावर थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे लावता येणार नाहीत. आपल्याकडे वाइन मिळणार असल्यामुळे किल्ल्याचे नाव पाटीवर येऊ शकत नाही. कायद्याचे शब्द फलकाबद्दल आहेत हे खरे, पण जे नाव पाटीवर लावता येत नाही ते बाटलीवर लावण्याचा आग्रह धरू नये असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे गडकिल्ल्यांशी लोकांचे जे नाते आहे, त्यात मद्याच्या बाटलीला जागा नाही. चित्र सुंदर आहे हे मी मान्य करतो. ते आपल्या घरी लावावे.

किल्ल्याच्या जागी काय, हा प्रश्न आपल्याला पडेल. आपल्या जेवणात मासळीला मोठी जागा आहे, आणि ठाण्याला खाडी आहे. खाडीकाठच्या चिखलातून तिवराची श्वसनमुळे बोटाएवढी वर येऊन उभी असतात, ती आपण भरती उतरल्यावर पाहिली असतील. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेखाली लोंबतात. मला असे सुचते की आपल्या नावाची शिरोरेषा हीच खाडीची पाणरेषा समजावी, अक्षरे तिच्याखाली राहावीत आणि तिवराची काही मुळे तिच्यावर उभ्या, असमान रेघांनी दाखवावीत. यात वेगळे चित्र लागत नाही, नाव हेच चित्र होते. हे लेबलावर ५५ मिलिमीटरमध्ये बसते, मेनूकार्डावर हातभर होते आणि पाटीवर दहा फूट. इंग्रजी अक्षरांना शिरोरेषा नसते, त्यामुळे ही कल्पना आधी इंग्रजी बोधचिन्ह करून मागाहून त्याचे मराठी करण्याच्या नेहमीच्या पद्धतीतून कधीच निघाली नसती. पाटीसाठी मराठी नाव आधी लागतेच, तर सुरुवातही तिथूनच करावी.

जुळणे म्हणजे काय, याबद्दल थोडे बोलतो, कारण सगळी गडबड या शब्दाने होते. बहुतेक मालकांना जुळणे म्हणजे तेच चित्र, तोच रंग, तीच किनार दोन्हीकडे असे वाटते. पण या दोन वस्तूंचे काम सारखे नाही. मेनूकार्ड हातात घेऊन, हातभर अंतरावरून, दोन-चार मिनिटे वाचले जाते. बाटली टेबलाच्या मध्यभागी तासभर उभी असते, तिच्याकडे लोक वाचायला म्हणून पाहत नाहीत, आणि शेजारच्या टेबलावरून ती नुसती आकारावरून ओळखू यावी लागते. एका आईची दोन मुले आपण चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखतो, त्यांनी एकाच कापडाचे सदरे घालण्याची गरज नसते. इथे ती ठेवण तीन गोष्टींनी ठरते: अक्षरांचे वळण, एक रंग आणि ती पाणरेषा. या तिन्हींना दोन्हीकडे तसूभरही हलू देऊ नये आणि बाकी सगळे खुशाल वेगळे असू द्यावे.

अक्षरांपासून सुरू करू. नावाची अक्षरे शक्यतो सुलेखनकाराकडून काढून घ्यावीत. तयार टंकातले (फॉन्टमधले) नाव उद्या समोरच्या दुकानावरही दिसू शकते. मजकुरासाठी मात्र चांगला युनिकोड टंक हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक मोफत उपलब्ध आहेत आणि चांगले आहेत. जरा पुस्तकी, शांत वळण हवे असेल तर तिरो देवनागरी मराठी पाहावा. टंक निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे, आणि राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण निश्चितही केले आहे. अनेक टंकांमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. दुसरी गोष्ट अर्ध्या ‘र’ची. ‘भाकऱ्या’ आणि ‘पुऱ्या’ हे दोन शब्द टाइप करून पाहावेत. काही टंकांत तो आडवा, पापणीसारखा ‘र’ नसतो आणि त्याच्या जागी डोक्यावर रफार चढतो. एका ग्राहकाच्या आईंनी मेनूकार्डाचा नमुना हातात घेतल्या घेतल्या त्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ असे विचारले होते. मालक, व्यवस्थापक आणि मी स्वतः, अशा तिघांच्या नजरेखालून ते पान गेले होते. तिसरी गोष्ट म्हणजे जुन्या बिगर-युनिकोड टंकातला मजकूर. छापखान्यांत तो अजून चालतो, पण लेबलाचा मजकूर वाइनरीकडे, तिथून रोल लेबल छापणाऱ्याकडे असा प्रवास करतो आणि वाटेत कुणाच्या संगणकावर तो टंक नसला, की ‘कोळंबी’ची अक्षरे विस्कटतात. अंतिम फाइलमध्ये सगळी अक्षरे रेखाकृतीत बदलून द्यावीत, आणि बदलण्याआधीची प्रत स्वतःकडे जपून ठेवावी.

देवनागरीला उभी जागा जास्त लागते, कारण वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजीचा दहा पॉइंट आणि मराठीचा दहा पॉइंट शेजारी ठेवले तर मराठी बारीक दिसते. मेनूकार्डावर पदार्थाचे नाव मराठीत निदान १४ पॉइंट, त्याखाली इंग्रजी वर्णन १० पॉइंट आणि दोन ओळींत अक्षराच्या दीडपट अंतर, हे माझे सुरुवातीचे माप असते. नौपाड्यातून नातवंडांसह जेवायला येणारे आजी-आजोबा मंद दिव्याखाली मोबाइलची बॅटरी लावून मेनूकार्ड वाचताना दिसले, की ते काम फसले असे मी समजतो.

आता बाटली. ७५० मिलिलिटरच्या सरळ खांद्याच्या बाटलीचा व्यास साधारण ७५ मिलिमीटर असतो, म्हणजे घेर साधारण २३५ मिलिमीटर. ९० मिलिमीटर रुंदीचे लेबल मेजावर सपाट ठेवले की ऐसपैस वाटते, पण बाटलीवर गेल्यावर त्याच्या दोन्ही कडा वळून दूर जातात आणि समोरून सुमारे ७० मिलिमीटरच दिसतात, त्यातही कडेची अक्षरे दाबलेली. म्हणून मुख्य नाव ५५ मिलिमीटरच्या आत ठेवावे. वाइनरीला आज फोन करून रिकाम्या दोन बाटल्या मागवाव्यात, आणि ज्या बाटलीत वाइन भरली जाणार आहे नेमकी तीच मागवावी. उतरत्या खांद्याची बाटली असेल तर सरळ भाग कमी मिळतो आणि लेबल उंचीला कमी करावे लागते. त्यांच्या यंत्रावर लेबलाची कमाल उंची किती, रोल कोणत्या दिशेने उलगडतो, पुढचे आणि मागचे लेबल एकाच रोलवर असते की दोन, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

पाणरेषेची कल्पना मी सुचवली आहे, तर तिच्यातला धोकाही सांगायला हवा. लांब सरळ आडवी रेघ लेबल लावताना झालेली चूक लपवत नाही. यंत्राने लेबल एक मिलिमीटर तिरके लावले तर चित्र असलेल्या लेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही. शिरोरेषा असली की लगेच येते. म्हणून ही रेघ लेबलाच्या कडेपर्यंत नेऊन कापू नये. दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर आधी ती विरळ होत संपावी, जशी ओहोटीला पाण्याची कड चिखलात विरते. मागच्या लेबलावरच्या रेघेशी ती जुळवण्याचा मोहही टाळावा. सोनेरी किंवा तांबूस फॉइलची, म्हणजे दाबून बसवलेल्या चकाकत्या थराची, रेघ करायची असेल तर पाव मिलिमीटरपेक्षा बारीक करू नये. फॉइलमध्ये देवनागरीची आणखी एक अडचण येते. ‘ळ’ची गाठ, ‘ब’मधली तिरकी रेघ आणि अनुस्वाराभोवतीची जागा फॉइलने भरून जाते. नाव छापील रंगात, आणि फॉइल फक्त पाणरेषेला व मुळांना, एवढीच विभागणी मी ठेवतो.

लेबलाच्या कागदाबाबत मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. नवी मुंबईतल्या एका उपाहारगृहासाठी मी सुती पोताचा, हाताला फार छान लागणारा कागद निवडला. कार्यालयात, वातानुकूलित खोलीत, कोरड्या बाटलीवर लावून पाहिला, सगळ्यांना आवडला. उद्घाटन जूनच्या शेवटी झाले. व्हाइट वाइन बर्फाच्या बादलीत गेली आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आली, तेव्हा पांढरा कागद राखाडी होऊन त्यातून बाटलीची हिरवी काच दिसू लागली होती आणि खालचा उजवा कोपरा सुटला होता. वाढणाऱ्या मुलाने तो अंगठ्याने नीट बसवायचा प्रयत्न केला, आणि अर्धे लेबल त्याच्या अंगठ्याला चिकटून आले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. कागद मी निवडला होता आणि पाण्याची परीक्षा मी घेतली नव्हती. त्यानंतर माझ्या कार्यालयात बादली कायमची ठेवलेली आहे.

आपल्या हवेत हा प्रश्न बर्फाशिवायही उद्भवतो. आठ-दहा अंशांवर थंड केलेली बाटली पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत बाहेर काढली, की दोन मिनिटांत तिला घाम सुटतो आणि ती पुसणारा हात लेबलावरूनच फिरतो. म्हणून व्हाइटसाठी ओला झाला तरी न फाटणारा, ‘वेट स्ट्रेंथ’ म्हणून मिळतो तो कागद घ्यावा, बर्फाच्या पाण्यात टिकणारा चिकटपणा मागावा, कागदामागे पाणी शिरून पांढरेपणा जाऊ नये म्हणून अपारदर्शक थर असलेला प्रकार विचारावा आणि लेबलाचे चारही कोपरे दोन मिलिमीटर गोल कापून घ्यावेत, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. प्लास्टिकच्या फिल्मचे लेबल यापेक्षा टिकाऊ असते, पण मेनूकार्डाच्या कागदाशी त्याचे हाताला लागणारे नाते तुटते, आणि जुळणे निम्मे हाताला कळत असते. नमुन्याची लेबले बाटलीवर लावून एक दिवस तशीच ठेवावीत, मग दोन तास बर्फाच्या पाण्यात बुडवावीत, बाहेर काढून ओल्या बोटाने घासावीत. रेडला बादली लागत नाही, तरी तिलाही तोच कागद वापरावा, म्हणजे दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर दोन पांढरे दिसणार नाहीत.

कायद्याने लागणारा मजकूर बहुतेक सगळा मागच्या लेबलावर जातो, आणि त्याची जागा आधी आखून मग रचना करावी. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे मद्यार्कयुक्त पेयांचे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. मद्यपान आरोग्यास घातक आहे आणि मद्यपान करून वाहन चालवू नये, हा इशारा त्यात ठरलेल्या शब्दांत द्यावा लागतो आणि २०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीवर त्याच्या अक्षरांची उंची तीन मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. तीन मिलिमीटर ही उंची ऐकायला कमी वाटते, पण ६० मिलिमीटर रुंदीच्या लेबलावर तो इशारा चांगल्या दोन-तीन ओळी घेतो. त्याखेरीज मद्यार्काचे प्रमाण, निव्वळ परिमाण, वाइनरीचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, किंमत आणि सल्फाइट दहा मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा जास्त असेल तर त्याचा उल्लेख. हा मजकूर वाइनरीने लेखी द्यावा. आपण किंवा चित्रकाराने तो स्मरणातून लिहू नये. वाइन हृदयाला चांगली वगैरे कोणताही आरोग्यदावा लेबलावर चालत नाही. द्राक्षाच्या जातीचे नाव लिहायचे असेल, तर ती जात बाटलीत किती टक्के आहे हे वाइनरीला विचारूनच लिहावे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे भौगोलिक मानांकन असलेले नाव आहे, ते शोभेसाठी वापरू नये.

हेही स्पष्ट करतो की वाइनरीची तयार बाटली आणून तिच्यावर आपल्या हाताने आपला कागद चिकटवता येत नाही. लेबल मंजूर करून घेणे आणि ते लावणे हे काम वाइनरीच्या परवान्यातून होते. तेव्हा मंजुरीला लागणारा वेळ वाइनरीकडून विचारून घ्यावा आणि उद्घाटनाची तारीख त्यानंतरची धरावी. नावाची नोंदणीही आताच करावी. व्यापारचिन्हांच्या वर्गवारीत उपाहारगृहाची सेवा ४३ व्या वर्गात येते आणि बिअर सोडून इतर मद्ये ३३ व्या वर्गात. बहुतेक मालक ४३ वर थांबतात आणि बाटलीवरचे नाव उघडे राहते.

आता रंग. आपल्या जेवणात कोकम आहे, आणि आगळाचा, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाचा, गडद, लालसर जांभळा रंग रेड वाइनच्याही जवळ जातो. पाण्यात किंवा नारळाच्या दुधात उतरला की तोच सोलकढीचा फिका गुलाबी होतो. एकच रंग, त्याच्या दोन छटा: रेडच्या लेबलावर गडद, व्हाइटच्या लेबलावर फिका आणि मेनूकार्डावर दोन्ही. यापलीकडे तिसरा रंग आणू नये. छपाईला देताना ‘मरून’ असे तोंडी सांगू नये, पॅन्टोन या ठरावीक रंगांच्या छापील यादीतला क्रमांक द्यावा, आणि तो गुळगुळीत कागदावरचा की खडबडीत कागदावरचा हेही लिहावे. एकच शाई गुळगुळीत आर्ट कार्डावर तजेलदार दिसते आणि लेबलाच्या शोषणाऱ्या कागदावर मळकट होते. म्हणून क्रमांक सारखा ठेवून भागत नाही; दोन्ही कागदांवर छापलेले तुकडे शेजारी ठेवून डोळ्याने जुळवावे लागतात, आणि प्रसंगी लेबलासाठी रंग थोडा वेगळा घ्यावा लागतो. म्हणून मेनूकार्डालाही गुळगुळीत कार्डाऐवजी लेबलाच्या जवळ जाणारा, बिनचकाकीचा कागद घेतला तर निम्मे काम हलके होते.

ही तुलना कुठे करायची, यावर माझा फार कटाक्ष आहे. वागळे इस्टेटच्या छापखान्यात पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दोन्ही तुकडे जुळले आणि आपल्या टेबलावर जुळले नाहीत, असे नक्की होईल, कारण आपल्याकडे पिवळसर दिवे असणार. त्या उजेडात जांभळ्यातला निळेपणा मरतो आणि कोकमाचा रंग तपकिरी होऊ लागतो. म्हणून छापखान्याने दिलेला नमुना संध्याकाळी सातनंतर आपल्याच उपाहारगृहात, आपल्याच दिव्याखाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहावा. दिवे अजून लागले नसतील तर आधी दिवे ठरवावेत. गडद पार्श्वभूमीवर सोनेरी किंवा मरून अक्षरे त्या उजेडात वाचता येत नाहीत; मेनूकार्डाची आतली पाने फिक्या कागदावर गडद अक्षरांचीच हवीत.

मेनूकार्डाच्या आतल्या रचनेत एक गोष्ट आवर्जून टाळावी. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन हे दाखवायला मालकांना लाल आणि पिवळसर ठिपके सुचतात. आपल्याकडे मेनूकार्डावरची रंगीत खूण म्हणजे शाकाहारी-मांसाहारी, हे लोकांच्या डोळ्यांत इतके रुजले आहे की वालाच्या बिरड्यापुढे लाल ठिपका पाहून शाकाहारी ग्राहक पान उलटतो. शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ आणि मांसाहाराची म्हणजे तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. या दोन खुणा जशाच्या तशा ठेवाव्यात आणि वाइनसाठी खूणच वापरू नये, शब्द वापरावेत. ‘भरलेल्या पापलेटाबरोबर आमची व्हाइट थंडगार घ्यावी’ अशी एक ओळ, आगळाच्या गडद रंगात, पदार्थाखाली. अशा ओळी सगळ्या पदार्थांना लावू नयेत, चार-पाच पुरेत. उष्मांक छापण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांना आहे, त्यामुळे आपल्याला ती आज लागू नाही.

वाइनचे भाव मुख्य मेनूकार्डात छापू नयेत. जेवणाला वस्तू व सेवा कर लागतो, मद्याला मूल्यवर्धित कर, आणि मद्यावरचे कर व शुल्क बदलले की भाव बदलतात. वाइनसाठी वेगळे, सुटे, लेबलाच्याच कागदावरचे आणि लेबलाच्याच प्रमाणाचे उभे पान करावे. लेबल ९० बाय ११० असेल तर हे पान बरोबर त्याच्या दुप्पट, १८० बाय २२० करावे. पाणरेषा लेबलावर वरून जितक्या अंतरावर आहे, त्याच प्रमाणात या पानावर आणि मुख्य मेनूकार्डाच्या मुखपृष्ठावर घ्यावी. मेनूकार्ड, सुटे पान आणि बाटली टेबलावर एकत्र आली की तिन्हींवरच्या रेघा एकाच हिशेबाने बसलेल्या दिसतात. आलेल्या माणसाला याचे कारण सांगता येत नाही, पण नीटनेटकेपणा त्याला जाणवतो. बाटलीमागे १५० मिलिलिटरचे पाच प्याले निघतात. प्याल्याचा भाव आणि बाटलीचा भाव दोन्ही एकाच ओळीत, देवनागरी अंकांत द्यावेत. मेनूकार्डात अंक देवनागरी असतील तर सगळीकडे देवनागरीच, अर्धे इकडचे अर्धे तिकडचे नकोत.

मेनूकार्डावर लॅमिनेशन करावे का, हे आपण विचारलेले नाही, पण विचाराल. चकाकीचे तर नकोच, कारण दिव्याचा कवडसा अक्षरांवर येतो. बिनचकाकीचे चालते, पण घडीवर ते फाटते आणि कालवणाचे बोट लागले की डाग राहतो. न फाटणारा कृत्रिम कागद पुसता येतो, मात्र तो हाताला प्लास्टिकसारखाच लागतो. माझी पसंती अशी: जाड, बिनलॅमिनेशनचे, बदलता येणारे आतले कागद आणि त्यांना स्क्रूने धरणारे एक पक्के आवरण. आवरणावर फक्त पाणरेषा आणि मुळे, दाबून उठवलेली, बिनरंगाची. खर्च करायचाच असेल तर तो या आवरणावर आणि लेबलाच्या कागदावर करावा. आतली पाने साध्या डिजिटल छपाईत, पन्नास-पन्नासच्या टप्प्यांनी काढावीत.

स्क्रूचा आणखी एक फायदा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला आदिवासी बायका बाजारात शेवळे घेऊन बसतात आणि थोड्याच दिवसांत ती संपतात. त्या दिवसांत शेवळाच्या भाजीचे एक पान आत जाईल आणि भाजी संपली की निघेल. त्या पानावरच्या ‘श’ आणि ‘ळ’ या अक्षरांकडे छापण्याआधी एकदा नीट पाहून घ्यावे.